'मुळे' लिहिण्याआधी केस पेपर उघडा : पुण्यातल्या पीजी गाईडना खुलं पत्र

पुण्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत एमडी-एमएसच्या मुलामुलींचे थिसिस ज्यांच्या सहीने पुढे जातात, त्या सर्व गाईड सरांना आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले बरेच जण मला 'पीएसएममधले (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन विभागातले) स्टॅटिस्टिक्सवाले सर' एवढ्याच नावाने ओळखतात. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण घरी येणाऱ्या मुलांची वर्दळ थांबलेली नाही. येतात ती बहुतेक सबमिशनला पंधरा दिवस उरल्यावर. पेन ड्राइव्हमध्ये मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या पेशंटच्या नोंदींचा तक्ता, डोळ्यांखाली नाईट ड्यूटीची काळी वर्तुळं आणि तोंडात एकच वाक्य : "सर, गाईडनी सांगितलंय, फक्त पी व्हॅल्यू काढून आणा." पी व्हॅल्यू म्हणजे, फरक मुळात नसताना एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, हे सांगणारा आकडा. लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्यावर कुंडली जुळवायला आणावी, तसा हा प्रकार. गुण कितीही जुळोत, मांडव घातलेला असतो.

मुलांबद्दल माझी तक्रार नाही. ड्यूट्या, सेमिनार, परीक्षा यांच्या फटीत त्यांना थिसिस बसवायचा असतो. सही तुमची असते, म्हणून पत्र तुम्हाला.

एक प्रसंग सांगतो. कॉलेज कोणतं आणि औषध कोणतं ते सांगणार नाही, आणि त्याने फरकही पडत नाही. मी नोकरीत असतानाची गोष्ट. मेडिसिनची एक थर्ड इयरची रेसिडेंट आली होती. विषय असा : आयसीयूत दाखल झालेल्या एका गंभीर आजाराच्या पेशंटपैकी ज्यांना अमुक एक महागडं इंजेक्शन मिळालं आणि ज्यांना मिळालं नाही, त्यांच्यातल्या मृत्यूंची तुलना. एक्सेलची शीट इतकी नीटनेटकी की बघत राहावं. इंजेक्शन मिळालेल्यांत मृत्यू खूपच कमी. पी व्हॅल्यू इतकी लहान, की सॉफ्टवेअरने पॉइंटनंतर तीन शून्यं दाखवून हात टेकले होते. गाईड खूश. कन्क्लूजनही टाईप होऊन तयार : या इंजेक्शनमुळे मृत्यू कमी होतात, सबब ते सर्व पेशंटना शक्य तितक्या लवकर द्यावं.

मी विचारलं, "ज्यांना नाही दिलं, त्यांना का नाही दिलं?"

ती थांबली. मग म्हणाली, "सर, त्याचा कॉलम नाहीये."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं एमआरडीत, म्हणजे रेकॉर्ड रूममध्ये गेलो. तिथल्या क्लार्कने आधी विभागप्रमुखांचं पत्र मागितलं, मग शिडी दिली. नाडीने बांधलेले गठ्ठे, वर बोटभर धूळ. 'न मिळालेले' या रांगेतले केस पेपर आम्ही एकेक करून काढले.

पहिला. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी ॲडमिशन. अडीचला इंजेक्शनची ऑर्डर, तिच्यापुढे 'टू अरेंज'. खाली 'रिलेटिव्हज काउन्सेल्ड'. म्हणजे चिठ्ठी नातेवाइकांच्या हातात दिली आणि बाहेरच्या मेडिकलमधून आणायला सांगितलं. त्या वेळी उघडं दुकान कुठलं आणि खिशात पैसे किती, याची नोंद केस पेपरवर नसते. पहाटे पावणेसहाला 'डिक्लेअर्ड', म्हणजे मृत घोषित.

दुसऱ्यावर मराठीत एक ओळ : 'नातेवाइकांनी असमर्थता दर्शवली.' खाली निळ्या शाईचा अंगठा.

तिसऱ्यात औषधाची ऑर्डरच नव्हती. सिनियरने बघून 'पूअर प्रॉग्नोसिस एक्सप्लेन्ड' लिहिलं होतं, म्हणजे वाचण्याची आशा कमी असल्याचं घरच्यांना सांगितलं. आता या पेशंटला महागडं इंजेक्शन आणायला सांगून घरच्यांना कर्जात घालायचं नाही, असा तो निर्णय होता. माणूस म्हणून तो मला पटतो.

चौथा डामा, म्हणजे सल्ल्याविरुद्ध घरी नेलेला. मास्टर चार्टमध्ये त्याच्यापुढे काय लिहिलं असेल? 'अलाइव्ह ॲट डिस्चार्ज'. व्हेंटिलेटर काढून रिक्षातून गावाकडे नेलेला माणूस आमच्या हिशेबात जिवंत होता.

मग आम्ही 'मिळालेले' काढले. त्यांतल्या एकाला इंजेक्शन मिळालं दुसऱ्या दिवशी दुपारी चारला. भाऊ सोसायटीतून उचल घेऊन आला, तेव्हा. म्हणजे ॲडमिशननंतर, इंजेक्शन टोचायच्या आधीच, हा पेशंट चौदा तास तग धरून होता. त्याच आयसीयूत पहाटे पावणेसहाला गेलेल्याला ते चौदा तास मिळाले नव्हते. आमच्या टेबलात मात्र दोघांची तुलना बरोबरीने चालली होती, आणि त्या चौदा तासांचं श्रेय इंजेक्शन घेत होतं.

हे ज्यांना अजून नीट उलगडलं नसेल, त्यांच्यासाठी वारीचं उदाहरण. आषाढीच्या आधी पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, नाना पेठेत, भवानी पेठेत. त्या दिंड्यांचे जुने हिशेब काढून कोणी मांडलं, की पंचवीस वाऱ्या केलेले वारकरी किती वर्षं जगले आणि एक-दोनच केलेले किती, तर पंचवीसवाले हमखास जिंकतील. चालणं चांगलंच आहे, आणि विठोबाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पंचवीसावी वारी करायला आधीच्या चोवीस वाऱ्यांपुरतं जिवंत राहावं लागतं. जो तिसऱ्या वारीनंतर गेला, तो मनात कितीही असलं तरी त्या यादीत येऊच शकत नव्हता. आमच्या शास्त्रात याला 'इम्मॉर्टल टाईम' म्हणतात. ज्या काळात माणूस मरूच शकत नाही असा काळ, कारण मेला असता तर तो या गटात मोजलाच गेला नसता. तुमच्या ओपीडीतल्या 'सहा महिने औषध नियमित घेतलेले' विरुद्ध 'मध्येच सोडलेले' या थिसिसांमध्ये हे भूत नेमाने बसलेलं असतं.

इंजेक्शन वाईट होतं असं मी म्हणत नाही. कदाचित उत्तमही असेल. त्या थिसिसवरून ते कळत नाही, एवढंच म्हणतो. त्यावरून कळत होतं ते वेगळंच : रात्री कोणाला औषध मिळतं, कोणाच्या घरात पैसा आहे, आणि सिनियर कोणाच्या बाबतीत आशा सोडतात.

मराठीत आपण 'मुळे' हे शब्दयोगी अव्यय फार सैल हाताने वापरतो. पावसामुळे ट्रॅफिक, व्हिटॅमिन डीमुळे पाठदुखी, मोबाईलमुळे सगळंच. शब्दाच्या पोटात 'मूळ' आहे, हे आपण विसरून गेलोय. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, ही गोष्ट आपल्या आज्यांना ठाऊक होती. आपले थिसिस इंग्रजीत असतात आणि तिथे शीर्षकात 'असोसिएशन', म्हणजे नुसता संबंध, असा सोवळा शब्द असतो. पण चारशे पानं उलटून कन्क्लूजनला आलं, की तेच असोसिएशन मागच्या दाराने 'मुळे' होऊन बाहेर पडतं : सबब अमुक द्यावं, तमुक टाळावं. 'द्यावं' म्हणणं म्हणजे कारण ठरवणंच. औषध दिल्याने काही बदलत नसेल, तर द्यायचं कशाला?

मुतखड्याचं एक उदाहरण मी दर वर्षी फळ्यावर लिहायचो. १९८६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेले आकडे आहेत. ओपन सर्जरीच्या ३५० पेशंटपैकी २७३ बरे झाले, म्हणजे ७८ टक्के. त्वचेतून नळी घालून खडा काढण्याची तेव्हाची नवी पद्धत, तीत ३५० पैकी २८९, म्हणजे ८३ टक्के. इथवर लिहून मी खडू खाली ठेवायचो आणि विचारायचो, कोणती चांगली? वर्ग एका आवाजात : नवी. मग मी खड्याच्या आकाराप्रमाणे दोन ओळी पाडायचो. लहान खड्यांत ओपन ८७ पैकी ८१, नवी २७० पैकी २३४. टक्केवारीत ९३ विरुद्ध ८७. मोठ्या खड्यांत ओपन २६३ पैकी १९२, नवी ८० पैकी ५५. म्हणजे ७३ विरुद्ध ६९. लहान असो, मोठा असो, दोन्हीकडे ओपनच पुढे, आणि बेरीज केली की मागे! वर्गात शांतता. मागच्या बाकावरचा एखादा पोरगा म्हणायचा, "सर, बेरीज चुकली." बेरीज बरोबर आहे. सर्जन लोकांनी अवघड, मोठे खडे ओपनकडे धाडले आणि सोपे नव्या पद्धतीकडे. कोणाला काय मिळालं आणि का मिळालं, हे न विचारता केलेली बेरीज अशी फसवते. आकारही लिहून ठेवला होता म्हणून हे उघडकीला तरी आलं.

आणि हे फक्त पीजीच्या थिसिसांत होतं असं समजू नका. अमेरिकेतल्या नर्सेस हेल्थ स्टडीत पाळी गेल्यावर हार्मोन्स घेणाऱ्या नर्सेसना हृदयविकार बराच कमी होताना दिसत होता. १९७६ पासूनचा अभ्यास, हजारो नर्सेस, काटेकोर नोंदी. वर्षानुवर्षं बायकांना हार्मोन्स लिहून दिली गेली. मग विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अमेरिकेतल्याच दुसऱ्या अभ्यासाने १६,६०८ बायकांमध्ये चिठ्ठी टाकल्यासारखं रँडमाइज करून तेच तपासलं. जुलै २००२ मध्ये ती ट्रायल वेळेआधी थांबवावी लागली. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या बायकांत हृदयविकार २९ टक्के जास्त, स्तनांचा कॅन्सर २६ टक्के जास्त. आपणहून हार्मोन्स घेणाऱ्या बायका मुळात सुस्थितीतल्या, तपासण्या वेळेवर करणाऱ्या होत्या, हे एक कारण. दुसरं जास्त बारीक आहे आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं : नर्सेसच्या अभ्यासात 'सध्या हार्मोन्स घेणाऱ्या' म्हणून ज्या मोजल्या, त्यांतल्या बऱ्याच जणी वर्षानुवर्षं घेत होत्या. सुरुवातीच्या काळात ज्यांना त्रास झाला, त्या तोपर्यंत त्या गटातून गळलेल्या. २००८ मध्ये मिगेल हर्नान हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच नर्सेसचा डेटा घेतला, गोळी सुरू केल्याच्या दिवसापासून घड्याळ लावलं, आणि निरीक्षणाचं उत्तर ट्रायलच्या उत्तराच्या बरंच जवळ आलं. डेटा तोच होता. प्रश्न नीट विचारला गेला होता.

आपल्या गावातलीच आठवण काढायची तर प्लाझ्मा, म्हणजे बरे झालेल्यांच्या रक्तातला द्रव आजारी माणसाला देण्याचा उपचार. कोविडच्या दिवसांत 'अर्जंट, ओ पॉझिटिव्ह प्लाझ्मा डोनर हवा' असा मेसेज ज्याच्या फोनवर आला नाही, असा पुणेकर विरळा. माझ्या सोसायटीतली मुलं बरे झालेल्यांची यादी करून रात्री दोन-दोन वाजता फोन करत होती. प्लाझ्मा दिला आणि पेशंट उठून बसला, असं सांगणारे डॉक्टर खोटं बोलत नव्हते. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. पण डोनर सापडेपर्यंत टिकलेला, ओळखीपाळखीचं जाळं असलेल्या घरातला पेशंट त्यांच्या डोळ्यांपुढे होता. न मिळता बरे झालेले कोणाच्या आठवणीत राहत नाहीत. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तेव्हाच, २०२० च्या एप्रिल ते जुलैमध्ये, ३९ रुग्णालयांतल्या ४६४ पेशंटवर रँडमाइज्ड ट्रायल केली. आजार बळावणं किंवा मृत्यू : प्लाझ्मा मिळालेल्यांत १९ टक्के, न मिळालेल्यांत १८ टक्के. निकाल ऑक्टोबरमध्ये छापून आला. तरी आपण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत डोनर शोधत होतो. मे २०२१ मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा गेला. इतक्या धावपळीत इतकी नेटकी ट्रायल आपल्याच देशात झाली, याचा मला अजून अभिमान वाटतो. तिचं ऐकायला आपण एवढा वेळ लावला, याची खंतही वाटते.

आता तुमचा नेहमीचा मुद्दा : "आम्ही मल्टिव्हेरिएट करतो की! वय, लिंग, डायबिटीस, सगळं ॲडजस्ट केलंय." म्हणजे या घटकांनी पडणारा फरक हिशेबातून वजा केलाय. करता, मान्य. पण जे लिहूनच ठेवलं नाही ते ॲडजस्ट कसं होणार? त्या इंजेक्शनच्या चार्टमध्ये रेशन कार्डाचा रंग नव्हता, ॲडमिशनची वेळ नव्हती, सिनियरने आशा सोडली होती का हे नव्हतं. रिग्रेशनला, म्हणजे ॲडजस्ट करण्याच्या त्या गणिताला, एमआरडीची शिडी चढता येत नाही. प्रोपेन्सिटी स्कोअर, म्हणजे कोणाला उपचार मिळण्याची शक्यता किती याचा अंदाज, हा शब्द हल्ली सिनॉप्सिसांत, म्हणजे थिसिसच्या आराखड्यांत, फार दिसतो, तो वाचून एथिक्स कमिटीतले लोक माना डोलावतात. तोही याच कॉलमांतून शिजतो.

आणि उलट बाजूनेही गोची होते. हाताला लागेल ते ॲडजस्ट करायचं, ही सवय. गायनॅकच्या एका मुलाचा विषय होता मिश्री लावणाऱ्या आया आणि नवजात बाळांचे मृत्यू. त्याने बाळाचं वजनही मॉडेलमध्ये टाकलं होतं, 'गाईड म्हणाले की बर्थ वेट महत्त्वाचं असतं.' महत्त्वाचं आहेच! तंबाखू बाळाला इजा करते ती बऱ्याच अंशी वजन घटवूनच. वजन बाजूला काढलं की तंबाखूच्या इजेचा मोठा वाटाच बाजूला काढला. १९७१ साली येरुशाल्मी या संशोधकांनी दाखवलेलं कोडं ठाऊक असेल : कमी वजनाच्या बाळांपुरतं पाहिलं तर सिगारेट ओढणाऱ्या आयांची बाळं कमी दगावताना दिसत होती. म्हणून काय गरोदरपणी सिगारेट ओढायची? सिगारेट न ओढणाऱ्या आईचं बाळ कमी वजनाचं निघालं, तर त्यामागे बहुधा सिगारेटहून वाईट काहीतरी असतं, जन्मजात दोष किंवा इन्फेक्शन. तुलना त्या बाळांशी झाली. कोणता कॉलम मॉडेलमध्ये घालायचा, हे पी व्हॅल्यू सांगत नाही. कशातून काय होतं याचं चित्र आधी डोक्यात असावं लागतं, आणि ते चित्र तुमच्याकडे आहे. माझ्याकडे नाही. मी कधी बाळंतपण केलेलं नाही.

मग तुमच्यातले एक ज्येष्ठ, आणि ते मला खरोखर प्रिय आहेत, चिडून म्हणतात : "म्हणजे ट्रायल नसेल तर गप्प बसायचं? आयसीयूत नाणेफेक करू?" नाही हो. सगळंच ट्रायलने ठरत नाही. सिगारेटने कॅन्सर होतो हे कळायला कोणी माणसांना चिठ्ठ्या टाकून सिगारेट ओढायला लावली नाही. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० मध्ये रुग्णालयांतले कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी घेतलेले तो कॅन्सर नसलेले लोक पाहिले, १९५१ पासून ब्रिटनमधल्या सुमारे ४० हजार डॉक्टरांचा मागोवा घेतला. समोर कोण उभं होतं? संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर. ज्यांच्या पुस्तकांवर माझी उभी हयात गेली, ते. स्वतः पाईप ओढायचे, आणि म्हणायचे की सिगारेटची ओढ आणि कॅन्सर, दोन्ही एकाच आनुवंशिक घडणीतून येत असतील. आक्षेप फालतू नव्हता, मी वर तुम्हाला जो प्रश्न विचारला तोच आहे. १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी त्याला उत्तर दिलं : सिगारेट ओढणाऱ्यांत कॅन्सर नऊ पट असेल आणि तो सगळा एखाद्या लपलेल्या घटकाचा खेळ असेल, तर तो घटक ओढणाऱ्यांत न ओढणाऱ्यांच्या किमान नऊ पट आढळायला हवा. असा कुठला घटक आहे ते दाखवा. कोणी दाखवू शकलं नाही. लपलेला घटक किती बलवान असावा लागेल, याचा हा साधा हिशेब तुमच्या किती थिसिसांत आहे?

पुण्यातलंच पाहा. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याला, किरकटवाडी, नांदेड, धायरी भागात गिया बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे पेशंट एकामागून एक दाखल होऊ लागले. काही नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला आणि बोट पाण्याकडे गेलं. तिथे कोणी ट्रायलची वाट पाहत बसलं असतं तर मीच पहिला ओरडलो असतो. पाणी उकळून प्या सांगायला निरीक्षण पुरे असतं. सांगण्याची किंमत कमी, चुकलं तर नुकसान थोडं. महागडं इंजेक्शन 'सर्वांना द्यावं' सांगताना हेच तराजू वेगळं झुकतं. केस पेपरवर निळा अंगठा उठवणाऱ्या त्या नातेवाइकाला विचारा.

ट्रायल आपल्याकडे होत नाहीत, हे म्हणणंही मला पटत नाही. क्षयरोग्याला सॅनेटोरियमची हवा, दूध-अंडी आणि पूर्ण विश्रांती लागतेच, असं सगळे मानत होते त्या काळात, १९५६ साली, मद्रासमध्ये पेशंटना रँडमाइज करून काहींवर घरीच उपचार केले. झोपडपट्टीतल्या घरी. निकाल सॅनेटोरियमच्या तोडीचे आले, आणि जगभरातली सॅनेटोरियमं हळूहळू ओस पडली. पाचगणीच्या हवेचं कौतुक तोवर किती घरांनी दागिने मोडून केलं असेल!

आणि अगदी आपल्या वेशीवरचं. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. पुढे त्या मुलांची वाढ मोजत गेले. ज्या आयांच्या रक्तात बी-१२ हे व्हिटॅमिन कमी आणि फोलेट हे दुसरं व्हिटॅमिन जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे डायबिटीसकडे नेणारी इन्सुलिनला दाद न देण्याची शरीराची प्रवृत्ती, जास्त, असं २००८ मध्ये छापून आलं. आता एवढ्यावर 'सर्व गरोदर बायकांना बी-१२ द्यावं, त्यामुळे डायबिटीस टळेल' असं लिहून टाळ्या मिळवता आल्या असत्या. त्यांनी काय केलं? तीच मुलं वयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांना बी-१२ किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, देऊन ट्रायल सुरू केली. संबंध दिसला १९९० च्या दशकातल्या आयांमध्ये, आणि 'मुळे' म्हणता येतं का हे तपासायला त्यांचीच मुलं मोठी होईपर्यंत थांबले. तुमच्या कॉलेजांतून दुचाकीवर जाण्याच्या अंतरावर हे घडत होतं.

तुमच्याकडे वीस वर्षं नसतात, तीन असतात, हे मला कळतं. म्हणून मागणी छोटी आहे. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे सिनॉप्सिस जाण्याआधी त्यात एक पान वाढवा. जी ट्रायल करायला मिळाली असती तर केली असती, ती त्या पानावर साध्या भाषेत लिहायला लावा : कोणते पेशंट, कोणते दोन उपचार, कोणत्या मिनिटापासून मोजायचं, कुठवर मोजायचं. मग आपला डेटा त्या ट्रायलपासून कुठे कुठे घसरतो ते लिहायला लावा. आणि त्याच पानावर, पेशंट गोळा करायच्या आधी, रेसिडेंटने वॉर्डात उभं राहून सिनियरला, सिस्टरला आणि एखाद्या नातेवाइकाला विचारून उत्तर लिहावं : आपल्याकडे हा उपचार कोणाला मिळतो, कोणाला नाही, आणि का. त्या उत्तरातून जे निघेल त्याचे कॉलम मास्टर चार्टमध्ये पहिल्या दिवसापासून हवेत. वेळेचा कॉलम तर हवाच, तारखेचा नुसता पुरत नाही. डामाचा वेगळा कोड, आणि जमल्यास घरी एक फोन.

हे केल्यावर पी व्हॅल्यू बहुधा मोठी होईल. त्या रेसिडेंटचं तेच झालं. आम्ही चोवीस तास जिवंत राहिलेल्यांपासून पुढे मोजलं, डामा वेगळे काढले, आशा सोडलेले वेगळे काढले. फरक इतका आकसला की शून्यांची ती रांग गेली. गाईड माझ्यावर वैतागले, "मग थिसिसमध्ये राहिलं काय?" राहिलं होतं एक टेबल. चिठ्ठी हातात दिल्यापासून इंजेक्शन टोचेपर्यंत किती तास गेले, दिवसा किती आणि रात्री किती. पोरीने एमआरडीत बसून हाताने काढलेले तास. माझ्या मते तो त्या वर्षीचा कॉलेजमधला सर्वांत कामाचा कागद होता, कारण इंजेक्शन चांगलं असलं तर तो कागद भयंकर होता. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, परीक्षकांनी ते पान उलटलं की नाही, तिला आठवत नाही. सॅम्पल साईझ कशी काढली एवढंच विचारलं म्हणे.

ती आता स्वतः गाईड आहे. हे पत्र तिच्याही हाती पडेल.

मी गुरुवारी दुपारी चारनंतर मोकळा असतो. कोणाच्या सिनॉप्सिसचं ते पान एकत्र बसून लिहायचं असेल तर मुलांना खुशाल पाठवा. लॅपटॉप आणला नाही तरी चालेल, दहा-बारा केस पेपरांच्या नोंदी मात्र आणा, नावं झाकून. आणि एमआरडीत जाताना त्यांना नाकाला बांधायला रुमाल न्यायला सांगा.

आपला नम्र,
पीएसएम विभागातला एक निवृत्त संख्याशास्त्र शिक्षक
कोथरूड, पुणे